आई-बाबांना लंडनच्या मोठ्या हॉटेलात चहाला न्यायचं असेल तर

जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच लंडनला येताहेत आणि त्यांना एखाद्या नामांकित हॉटेलात पारंपरिक आफ्टरनून टीला, म्हणजे सँडविच, स्कोन आणि केकांसोबतच्या दुपारच्या चहाला न्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. दोघं शाकाहारी, त्यातून बाबा अंडंही खात नाहीत. आईंना काटे-सुऱ्यांचं दडपण, तुम्हाला बिलाचं. आणि शेवटी एक शंका: यापेक्षा मुंबईत ताजमध्येच नेलं असतं तर?

लंडनच्या पंचतारांकित हॉटेलांच्या लाउंजमध्ये मी बरीच वर्षं हेच काम केलंय. आधी ट्रे उचलले, मग टेबलं सांभाळली, पुढे बुकिंग माझ्याकडे आलं. तेव्हा आधीच सांगून टाकते, ही दुपार कशी जाणार ते तुम्ही खुर्चीत बसण्याच्या चार दिवस आधीच ठरलेलं असतं. लोक काळजी करतात ती बसल्यानंतरची: कप कसा धरायचा, आधी क्रीम की आधी जॅम. त्यानं कुणाची दुपार बिघडलेली मी पाहिली नाही. न पाठवलेल्या ईमेलनं बिघडलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या.

म्हणून सुरुवात बाबांच्या ताटापासून. ब्रिटनमध्ये ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की त्यात अंडं आलंच. तेवढंच सांगितलंत तर बाबांच्या पुढे अंड्याचं सँडविच येईल आणि वाढणाऱ्याला आपलं काही चुकलं असं वाटणारही नाही. ‘व्हीगन’ म्हणालात तर अंडं जाईल, पण त्याच्याबरोबर लोणी, दूध, साय सगळंच जाईल. स्कोनसोबत (हा छोटा, फुगीर, किंचित गोड पाव) वनस्पतिजन्य क्रीम येईल आणि या सगळ्या थाटातली सगळ्यात चविष्ट गोष्टच बाबांना मिळणार नाही. तेव्हा सरळ लिहा: ‘व्हेजिटेरियन, नो एग्ज, नो जिलेटिन, डेअरी इज फाइन.’ जिलेटिनचा उल्लेख मुद्दाम करायचा. छोट्या केकांमधलं मूस, जेली, आरशासारखं चकाकणारं ग्लेझ हे सगळं बहुतेकदा जिलेटिनवर उभं असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. चांगल्या ठिकाणी शाकाहारी मेनूत त्याऐवजी समुद्री शेवाळाचं आगर-आगर किंवा फळांमधलं पेक्टिन वापरतात, पण विचारून घेतलेलं बरं. घरी फारच कडक पाळत असाल तर आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्यानं, बनतं. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. गुलाबी मॅकरोनचा रंग कधी कधी कार्माइनचा, म्हणजे किड्यांपासून काढलेला असतो. घटकांच्या यादीत तो ‘ई १२०’ म्हणून दिसतो.

हे कधी सांगायचं, याला जास्त महत्त्व आहे. सँडविच ऐनवेळी बदलता येतं, कारण ब्रेड, काकडी आणि क्रीम चीज प्रत्येक स्वयंपाकघरात असतं. पेस्ट्रीचं तसं नाही. ते काम पहाटे सुरू होतं, काही भाग तर आदल्या दिवशीच झालेला असतो. बिनअंड्याच्या चार वेगवेगळ्या पेस्ट्री दुपारी अडीच वाजता कुठलाही शेफ उभ्या करू शकत नाही. त्याच दिवशी सांगितलंत तर बाबांना फळांची बशी मिळेल. सुरेख कापलेली असतील, पण फळंच. म्हणून बुकिंग करताना लिहा, दोन-तीन दिवस आधी फोन करून खात्री करा आणि बसल्यावर वाढणाऱ्याला पुन्हा एकदा सांगा. आपल्या लोकांना इतक्यांदा सांगायचा संकोच होतो; समोरच्याला त्याचं काहीच वाटत नाही. २०१४ च्या डिसेंबरपासून इथल्या नियमानुसार १४ ॲलर्जनांची, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची, माहिती देणं बंधनकारक आहे आणि अंडं त्या यादीत आहे, त्यामुळे अंड्याचा प्रश्न कुणी हसण्यावारी नेत नाही. जिलेटिन त्या यादीत नाही. म्हणून ते वेगळं विचारायचं. स्कोनबद्दलही विचारा: कणकेत अंडं नसलं तरी वर चकाकी यावी म्हणून अंड्याचा हात फिरवलेला असतो.

जाता जाता एक. ज्या पातळ, उजेडात धरली तर बोटांची सावली दिसणाऱ्या कपांचं सगळे कौतुक करतात, त्या बोन चायनात खरोखरच जनावरांच्या हाडांची राख असते, आणि ती थोडीथोडकी नाही, जवळजवळ निम्मी. अठराव्या शतकाच्या शेवटी स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडनं ही कृती बसवली. आईंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आता जागा. तुमच्या बजेटात बसणारी बरीच आहेत, पण आई-बाबांचा स्वभाव बघून निवडा. रिट्झ (१९०६) म्हणजे तमाशा, चांगल्या अर्थानं: सोनेरी पाम कोर्ट, झुंबरं, सगळे नटूनथटून आलेले. बाबांना समारंभ आवडत असेल तर तिथे जा. सॅव्हॉयमध्ये डोक्यावर काचेचा घुमट आणि पियानो. क्लॅरिजेसची आर्ट डेको (१९२०-३० च्या दशकांतली भौमितिक नक्षीची) धाटणी आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची क्रोकरी फोटोंत ओळखीची झालीये. लँगहॅम १८६५ चं. हॉटेलात असा चहा द्यायची सुरुवात आपणच केली असं ते सांगतात. मला विचाराल तर वयस्कर माणसांसाठी ब्राउन्स. १८३७ चं हॉटेल, लाकडानं मढवलेल्या भिंती, शेकोटी, आवाज कमी. आईंना शेजारच्या टेबलावरचं बोलणं न ऐकता तुमच्याशी बोलता येईल.

कुठेही गेलात तरी बुकिंग करताना एक विनंती अवश्य करा: जेवणाच्या उंचीचं टेबल आणि हात असलेली सरळ खुर्ची. लाउंजमधले सोफे बुटके आणि खोल असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात बसून बुटक्या टेबलावरून कप उचलायचा म्हणजे दोन तासांची शिक्षा, आणि उठताना तीनचौघांनी हात द्यायचा. सांगितलं तर हॉटेल आनंदानं सोय करतं. न सांगितलं तर जे रिकामं असेल ते मिळतं. बाबांना ऐकू कमी येत असेल तर पियानोपासून लांबचं टेबल मागा.

वेळ दोन ते अडीचची घ्या, मधल्या वारी. दुपारी न जेवता जा. मोठ्या हॉटेलांना मागणी इतकी असते की रिट्झमध्ये पहिली पंगत सकाळी साडेअकरालाच बसते आणि शेवटची संध्याकाळी उशिरा. साडेअकराला हे सगळं खाल्लं की ना नाश्ता, ना जेवण. मुळात हा प्रकार निघाला तोच दुपारच्या भुकेतून. १८४० च्या सुमारास बेडफर्डची डचेस ॲना मारिया हिला दुपारचं हलकं खाणं आणि रात्री आठचं जेवण यांच्यामध्ये फार रिकामं वाटायचं, म्हणून ती खोलीत चहा, ब्रेड-बटर आणि केक मागवू लागली. पुढे मैत्रिणींना बोलावू लागली आणि तोच रिवाज झाला. चहा मात्र त्याआधी पावणेदोनशे वर्षं दरबारात पोचला होता. १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगान्झा दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून आली, तिनं दरबाराला चहाची गोडी लावली. आणि तिच्याच हुंड्यात मुंबई बेट इंग्रजांना मिळालं. बाबांना इतिहासाची आवड असेल तर पहिल्या कपाला हा विषय काढा.

कपड्यांबद्दल थोडक्यात. आईंची साडी कुठेही चालते, नुसती चालत नाही, सगळ्या खोलीत तीच उठून दिसते. लाउंजमध्ये गार वारं असतं, शाल असू द्या. बाबांना रिट्झसारख्या ठिकाणी जॅकेट लागेल, जीन्स आणि खेळाचे बूट चालणार नाहीत. जोधपुरी किंवा बंद गळ्याचा कोट बहुतेक ठिकाणी औपचारिक पोशाख म्हणून धरतात, तरी ईमेलमध्येच विचारून ठेवा. इतर हॉटेलं बरीच सैल आहेत.

आता ज्याच्या नावानं हे सगळं चालतं त्या चहाकडे येऊ. बहुतेक पाहुणे तिकडेच सगळ्यात कमी लक्ष देतात. तीनमजली स्टँड आला की फोन बाहेर येतात आणि चहा ‘काहीही चालेल’. मग वाढणारा इंग्लिश ब्रेकफास्ट आणून देतो आणि बाबा म्हणतात, पाणचट आहे.

घरी आपण पितो ती सीटीसीची दाणेदार पूड, दुधात उकळलेली. इथे अख्ख्या पानांचा चहा असतो, पाण्यात मुरवलेला, दूध वरून आणि बहुधा गार. दोन्हीला चहाच म्हणतात म्हणून घोटाळा होतो. बाबांना कडक हवा असेल तर आसाम मागा, पाच मिनिटं मुरू द्या आणि गरम दूध आणायला सांगा. गरम दूध मागण्यात काहीही कमीपणा नाही, रोज कुणी ना कुणी मागतं. मेनूत ‘चाय’ दिसला तर त्याच्या फंदात पडू नका. तो मसाला घातलेला पानांचा चहा असतो, आल्याचा उकळलेला नव्हे, आणि तुलनेनं हमखास निराशा होते.

आईंना मात्र दार्जिलिंग घ्यायला लावा. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीचा चहा, ज्याला फर्स्ट फ्लश म्हणतात, फिकट आणि फुलांच्या वासाचा असतो; मे-जूनच्या दुसऱ्या खुडणीला पिकल्या द्राक्षांची झाक येते. दूध दोन्हीत नको. भारतात भौगोलिक मानांकन सगळ्यात आधी मिळालं ते याच चहाला, २००४ साली, आणि तरी आपल्याकडच्या बहुतेक घरांत तो कधी आलेला नसतो. अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाचं तेल असतं. त्यात लिंबाची चकती छान लागते, पण लिंबू आणि दूध एकत्र टाकू नका, फाटतं. लापसांग सुचाँग हा चिनी चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला असतो. तो पहिल्या घोटाला जळका लागतो. एक किटली तिघांत मागवून बघा, आवडलाच पाहिजे असं नाही.

मधेच चहा बदलता येतो, बऱ्याच ठिकाणी त्याचे जास्तीचे पैसे पडत नाहीत. बसतानाच विचारून घ्या. माझी पद्धत अशी: सँडविचबरोबर दार्जिलिंग किंवा सिलोन (श्रीलंकेचा चहा), स्कोनला आसाम, कारण क्रीमच्या स्निग्धपणाला तोच पुरा पडतो, आणि केकांना अर्ल ग्रे. किटलीत पानं तशीच ठेवली आहेत की मुरल्यावर काढून घेतली आहेत हेही बघा. पानं आत असतील तर दुसरा कप कडू होणार; त्यासाठीच शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवतात, कपातला चहा पातळ करायला. लंडनचं पाणी जड असतं, घरच्या नळाच्या पाण्याच्या चहावर तवंग येतो आणि दार्जिलिंगचा वास बसतो. चांगली हॉटेलं पाणी गाळून घेतात. त्यामुळे तोच चहा दुकानातून घरी नेलात तर तसा लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

खायचा क्रम खालून वर: आधी सँडविच, मग स्कोन, शेवटी वरच्या ताटलीतल्या पेस्ट्री. सँडविच बोटभर लांब, कडा कापलेली, हातानंच खायची. काकडीचं ठरलेलंच असतं आणि चांगलं केलेलं असेल तर त्यात मीठ लावून पाणी निथळलेली कागदासारखी काकडी, लोणी आणि पांढरी मिरी यांपलीकडे काही नसतं. मांसाहारी मंडळींसाठी सामन, हॅम आणि कोरोनेशन चिकन. हे शेवटचं १९५३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या जेवणासाठी तयार झालं. करी पावडर, मेयोनेज आणि जर्दाळू असा तो मामला आहे, आणि काही ठिकाणी शाकाहारी मेनूत त्याच मसाल्यात काबुली चणे देतात. मिळाले तर घ्या, आई-बाबांना ते सगळ्यात जवळचं वाटेल. सँडविच बहुतेक हॉटेलांत पुन्हा मिळतात. तेव्हा ‘पोट भरेल का’ याचं उत्तर: रात्री जेवायचं नाव काढणार नाही. आपल्या लोकांची गफलत उलट होते. पहिल्याच ताटलीला तीनदा हात मारतात आणि पेस्ट्री येईपर्यंत हात टेकतात.

स्कोन गरम यायला हवा, रुमालात गुंडाळलेला. गार असेल तर नम्रपणे परत पाठवा. अर्ध्या तासानंतर त्याच्यात काही उरत नाही. सुरी न वापरता हातानं आडवा उघडा. नीट भाजलेला असेल तर मधल्या भेगेवरच सुटतो. जॅम आणि क्रीम आधी आपल्या बशीत घ्या, तिथून प्रत्येक अर्ध्यावर लावा. दोन अर्धी परत मिटवून सँडविच करू नका, सगळं बाहेर येतं. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, डेव्हनमध्ये आधी क्रीम, आणि दोन्हीकडचे लोक यावर गंभीरपणे भांडतात. मी आधी जॅम लावते, कारण गरम स्कोनवर क्रीम आधी लावलं तर वितळतं. क्लॉटेड क्रीम म्हणजे आपल्या मंद आचेवर तापवलेल्या दुधावरची जाड साय समजा, फक्त दुधाऐवजी क्रीमच तापवलेलं. कॉर्निश क्लॉटेड क्रीममध्ये किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. बाबांच्या डॉक्टरांना कळवायची गरज नाही. एक दिवस आहे.

बिनअंड्याचं खाणाऱ्या बाबांसाठी अजून एक किस्सा: अंड्याची ॲलर्जी असलेल्या बायकोसाठी बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानं १८३७ साली बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. तिला यीस्टही सोसत नसे, म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर. आजचा स्कोन त्याच बेकिंग पावडरवर फुगतो.

आईंच्या दडपणाबद्दल आता बोलते, कारण त्यात फारसं काही नाही. चमचा कपात घणघण न वाजवता हलवायचा आणि बशीत मागे ठेवायचा. करंगळी वर करायची नाही. ती हौस गोष्टींतली आहे, टेबलावरची नाही. रुमाल मांडीवर, उठताना खुर्चीवर किंवा टेबलावर. टेबल उंच असेल तर बशी खालीच राहू द्या, फक्त कप उचला. केकला छोटा काटा असतो, जमलं नाही तर हातानं उचलला तरी चालतो. बाबा बशीत ओतून पीत असतील तर त्या दिवशी नको. पण त्यांना हेही सांगा की एके काळी इंग्रजही सर्रास बशीतून चहा प्यायचे. वाढणाऱ्यांशी हसून दोन शब्द बोलणाऱ्या आजी-आजोबांची जेवढी बडदास्त आम्ही ठेवली, तेवढी बिनचूक काटे धरणाऱ्यांची कधी ठेवली नाही.

बिलाचं आता. मोठ्या हॉटेलांत माणशी साधारण ७५ ते १०० पौंड धरा, म्हणजे रुपयांत आठ-दहा हजार किंवा जास्त. त्यावर १२.५ ते १५ टक्के सेवाशुल्क बहुधा आधीच लावलेलं असतं, तेव्हा वेगळी टीप देऊ नका. सेवा आवडली नसेल तर ते काढायलाही सांगता येतं. बसल्या बसल्या ‘शॅम्पेननं सुरुवात करायची का?’ असं इतक्या सहज विचारतात की ते किमतीत धरलेलं आहे असा समज होतो. नसतं. ‘जस्ट टी, थँक यू’ म्हणायचं. पैसे बुकिंगलाच घेतात किंवा कार्डाचा नंबर घेऊन ठेवतात. रद्द करायचं असेल तर एक-दोन दिवस आधी, नाहीतर पैसे जातात. उरलेल्या पेस्ट्रींसाठी खोका मागा, बिनधास्त. बहुतेक ठिकाणी सुंदर खोका तयारच असतो. मासे-अंड्याची सँडविच मात्र सुरक्षेच्या कारणानं द्यायला नाही म्हणतात.

इतका खर्च जड वाटत असेल तर फक्त ‘क्रीम टी’ घ्या, म्हणजे स्कोन, जॅम, क्रीम आणि चहा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं उपाहारगृह जगातलं पहिलं म्युझियम-उपाहारगृह मानतात. तिथल्या गॅम्बल रूमच्या टाइल्सखाली बसून स्कोन खाण्याला हॉटेलच्या पैशांचा छोटासा हिस्सा लागतो. दिमाख तितकाच, सेवा नाही. ट्रे आपणच उचलायचा.

आणि ताज? ते वेगळंच प्रकरण आहे, चांगलं प्रकरण आहे. सी लाउंजमध्ये खिडकीशी बसलं की समोर गेटवे आणि बोटी, टेबलावर सँडविच-स्कोनच्या जोडीला भेळ, शेवपुरी. बाबांना तिथे ईमेलची गरज पडणार नाही आणि चहाही हवा तसा उकळून मिळेल. ते मुंबईचं खाणं आहे, लंडनचं नाही. परत गेल्यावर न्या की. पण जूनमध्ये ते लंडनला येताहेत, आणि आवडती टेबलं तीन-चार आठवडे आधी भरतात; तेव्हा आजच बुकिंग करा, अंड्याचं आणि खुर्चीचं त्याच ईमेलमध्ये लिहा.